काढणीचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सध्या शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पोटरीत आलाय, कणीस पोटात धरून उभा आहे. पाटाचं पाणी नाही, पाऊस केव्हाच गेला; जमिनीतली ओल आणि रात्रीची थंडी एवढ्यावर हे पीक उभं राहतं. याच ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही पेरतो ती मालदांडी. शेजारच्या मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेला 35-1 हा वाण 1930च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या हातात आहे. माझ्या सासूनं तोच पेरला, मीही तोच पेरते. बी तेच, रान तेच. तरी आमच्या शिवारातलं शाळवाचं क्षेत्र दर साली आखडत चाललंय. का, ते मला माझ्या हिशेबाच्या वहीत सापडलं. तेच सांगायला आज आले आहे.

आधी काढणी म्हणजे काय, ते शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते. शाळू आमच्याकडं विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. माघ-फाल्गुनात, भल्या पहाटे, दंव असेतोवर. ऊन चढलं की पात्या कडकडीत होतात आणि कणसं मोडून पडतात. चार-पाच ताटं दोन्ही हातांनी मुठीत धरायची, कमरेतून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि ओळीनं पसरत जायचं. ताट डोक्याच्या वर उंच. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात, म्हणून आम्ही जुन्या लुगड्याची चिंधी हाताला गुंडाळतो. वाळलं की पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. मग रानात बसून एकेक कणीस मोडायचं. तेव्हा कूस, म्हणजे कणसावरची बारीक टोचरी लव, मानेत शिरते, कोपरात शिरते आणि अंघोळ केली तरी रात्रभर अंग खाजतं.

मी 1985 साली लग्न होऊन या घरात आले. त्या काळी काढणीला पैसा लागतच नव्हता, असं जुनी माणसं अजून म्हणतात. सावड होती, आज आमच्या रानात, उद्या तुमच्या. गडी भलरी म्हणायचे, तिच्या नादात पाठीचा काटा ढिला झालेला कळायचा नाही. बाहेरून आलेल्याला पेंढ्या मिळायच्या, बलुतेदाराला खळ्यावर धान्य. आणि घरच्या आम्ही चार बाया तर होतोच. सासरे वही फार नीट लिहायचे. बियाणं, बैलांचे नाल, सुताराकडून भरलेली पाभर, सगळं त्यात आहे. 'घरची माणसं' असंही लिहिलेलं आहे, आणि त्यापुढं आडवी रेघ. ती वही मी जपून ठेवली आहे. सासऱ्यांवर माझा राग नाही, सगळ्यांच्याच वहीत तशी रेघ होती. शाळवाची मजुरी तेव्हा आम्ही अंगानं फेडत होतो, एवढंच.

आता माझी वही उघडते. 2024-25च्या हंगामात दोन एकर शाळू होता. काढणी उक्ती, म्हणजे ठोक बोलीनं, दिली, एकरी पाच हजार, म्हणजे दहा हजार. कणसं मोडायला दहा बायांचा रोज, तीनशेप्रमाणे तीन हजार. मळणी यंत्राला पोत्यामागं दोनशे, अकरा पोत्यांचे बावीसशे. झाले पंधरा हजार दोनशे. अकरा क्विंटल ज्वारी व्यापाऱ्याच्या काट्यावर तीन हजारानं गेली, तेहतीस हजार आले. जवळजवळ निम्मा पैसा शेवटच्या तीन आठवड्यांतच गेला. पेरणी, कोळपणी आणि पाखरं राखणं यात धरलेलंच नाही. कडबा विकला नाही, दावणीला दोन म्हशी आहेत. खरं सांगायचं तर त्या कडब्यामुळंच मी अजून शाळू पेरते.

बांधावर उभं राहून लोक म्हणतात, मजूर माजलेत, कामाला मिळत नाहीत. हे बोलणं मला बोचतं. आमच्या गावच्या बाया काम सोडून बसलेल्या नाहीत. त्या पंढरपूरकडं द्राक्षाच्या बागेत जातात, सांगोल्याकडं डाळिंबात जातात, काही घरं कोयता घेऊन उसाला जातात. तिथं जास्त दिवस काम मिळतं आणि हातात रोख पडतो. रोजगार हमीचा दर एप्रिल 2025मध्ये 312 रुपये झाला, बाईला आणि गड्याला एकच. मी मात्र बायांना तीनशे दिले आणि गड्याला पाचशे, कारण गावात रीतच तशी. कूस तर दोघांनाही सारखीच खाते. यंदा मी ही रीत मोडणार आहे.

मग यंत्र का आणत नाही, असं कुणी विचारेल. हरभऱ्याचं पाहा. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले विक्रम हा उंच, उभट वाढणारा वाण काढला, हार्वेस्टर त्यातून सहज फिरतो आणि तासाभरात रान मोकळं होतं. म्हणून शाळवाच्या जागी हरभरा आला, कुठं मका आली, पाणी पोचलं तिथं ऊस. शाळवात हार्वेस्टर घातला तर दाणा मिळतो, पण कडब्याचा चुरा होतो, आणि कडबा गेला की जनावरं दावणीतून सुटली म्हणून समजा. ताट आख्खं ठेवून आडवं पाडील, कोरडवाहू शेतकऱ्याला झेपेल, असं छोटं यंत्र आमच्या गावात मी अजून पाहिलेलं नाही. संशोधन करणारी मंडळी हे भाषण ऐकत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. उतारा वाढवणारे वाण तुम्ही दिलेत, आता आमच्या कमरेकडं बघा.

आणखी एक. हमीभाव ठरवताना केंद्राचा आयोग खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतो. 2025-26च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा खर्च क्विंटलला 2,466 रुपये धरला आणि त्याच्या दीडपट 3,699 भाव दिला, मालदांडीला 3,749. शेतीशाळेत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासऱ्यांच्या वहीतली रेघ डोळ्यापुढं आली. कुठल्या तरी कागदावर आमच्या हातांची किंमत मांडलेली होती! पण त्याआधी, 2024-25च्या हंगामात, मालदांडीचा हमीभाव 3,421 होता आणि माझी ज्वारी गेली तीन हजारानं. क्विंटलमागं ते जे चारशे एकवीस रुपये राहिले, ते कणसं मोडणाऱ्या बायांच्या आणि माझ्या रोजातूनच गेले. शहरात भाकरी आता आवडीनं खातात, त्याचं मला बरं वाटतं. पीठ घेताना भाव चार रुपयांनी जास्त वाटला, तर ती चिंधी गुंडाळलेली मूठ आठवा.

यंदा आम्ही चार घरांनी पुन्हा सावड धरायची ठरवली आहे. फरक एवढाच, की यावेळी वही असेल आणि तिच्यात प्रत्येकीच्या नावापुढं दिवस मांडले जातील, घरच्या बाईच्यासुद्धा. ज्या घराचे दिवस कमी भरतील त्यानं वरच्या दिवसांचे पैसे द्यायचे, बाईला आणि गड्याला एकाच दरानं. पहिला दिवस थोरल्या जाऊबाईंच्या रानात आहे. पहाटे साडेपाचला निघायचं, दंव सुकायच्या आत.

नमस्कार.