रायगड पाहायचा तर पुढच्या दाराने

मंडळी, सहलीहून परतलेल्या माणसाला रायगडाच्या महादरवाजाबद्दल विचारून पाहा. बरेचजण घुटमळतात. दरवाजा विसरण्यासारखा आहे असं नाही, त्यांनी तो पाहिलेलाच नसतो. रोपवेने वर गेले, रोपवेनेच खाली आले. रोपवेचं वरचं स्थानक मेणा दरवाजाच्या बाजूला आहे आणि मेणा दरवाजा म्हणजे राणीवशाकडचं, खाजगीकडचं दार. पाहुणा परसदाराने आत शिरला, माजघर बघून बाहेर पडला आणि ओटी-ओसरी राहून गेली, अशातला हा प्रकार आहे.

इथे बसलेल्यांपैकी अनेकजण सोसायटीच्या, कचेरीच्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहली काढतात, म्हणून हे बोलणं. रोपवेला विरोध नाही. १९९६ पासून तो चालू आहे आणि त्याच्यामुळे गुडघे दुखणाऱ्या हजारो माणसांना गड दिसला. पण गड बांधला गेला तो खालून चालत येणाऱ्या माणसाचा विचार करून. त्याला कुठे दमवायचं, कुठे अडवायचं आणि शेवटी कुठे दिपवायचं, हे ठरवूनच. तो क्रम मोडला की वर उरतात ती सुटी सुटी जोती.

चाळीस जणांचा गट धरू. त्यातले पंचवीस चालणारे, पंधरा रोपवेवाले. पहिली चूक इथेच होते: दोन्ही तुकड्या नऊ वाजता एकदम निघतात. रोपवेवाले पाच मिनिटांत वर पोचतात आणि मग दोन तास उन्हात बसून चालणाऱ्यांची वाट बघतात. गटाचा मूड जातो तो असा. चालणाऱ्यांनी साडेसहाला चढायला सुरुवात करायची, रोपवेवाल्यांनी सकाळच्या पहिल्या फेऱ्या धरायच्या, म्हणजे नऊच्या सुमाराला सगळे गंगासागर तलावावर एकत्र येतात. त्यासाठी आदल्या रात्री गडाच्या पायथ्याला, पाचाडला मुक्काम हवा. पुण्याहून किंवा मुंबईहून पहाटे निघून त्याच दिवशी गड करणं जमतं, पण चार-पाच तासांच्या प्रवासानंतर चढाई ऐन उन्हात येते. वरंध घाटाने यायचं असेल तर पावसाळ्यात घाट चालू आहे की नाही याची चौकशी आधी करा. तो वेळोवेळी बंद असतो.

दुसरी चूक बसची. पायऱ्या सुरू होतात त्या चित् दरवाजापाशी आणि रोपवेचं खालचं स्थानक आहे हिरकणीवाडीला, रस्त्याने आणखी पुढे. माणसं दोन ठिकाणी चढतात, त्यामुळे संध्याकाळी दोन ठिकाणी उतरतात. बस कुठल्या एका जागी उभी राहणार आणि दुसऱ्या तुकडीला कोण आणणार, हे सकाळीच चालकाला सांगून ठेवायचं. वर मोबाईलला रेंज असेलच असं नाही. वेळा आणि भेटण्याच्या जागा कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या, जुनी पद्धत आहे पण चालते.

आता चढू. चित् दरवाजा नावालाच उरलाय, दाराचा मागमूस नाही. वर उभा दिसतो तो खुबलढा बुरूज. इथे थांबून गटाला एकच गोष्ट करायला सांगा: वर बघा आणि महादरवाजा शोधा. कुणालाही सापडणार नाही. साधारण दीड हजारावर पायऱ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा संपेपर्यंत दार नजरेला पडत नाही. सगळ्यात पुढे एक जाणता आणि सगळ्यात मागे एक धीराचा माणूस ठेवा. मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही, हा एकच नियम पुरतो. गटाचा वेग म्हणजे शेवटच्या माणसाचा वेग. हे मान्य न करणाऱ्या गटात पुढचे पाचजण गडावर भजी खात असतात आणि मागचे तिघे अर्ध्या वाटेवरच्या मदार मोर्चापाशी पाय चोळत बसलेले असतात. तरुण मंडळी पहिल्या दोनशे पायऱ्यांत धावतात आणि पोटऱ्यांत गोळे येतात ते त्यांच्याच. पाणी माणशी तीन लिटर, रोपवेवाल्यांना दोन. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन घोट. मीठ-साखरेची पुडी आणि गूळ-शेंगदाणे पुढच्या माणसाकडे नकोत, मागच्याकडे हवेत. लागतात तिथेच.

मदार मोर्चापाशी एक मोठी तोफ पडलेली आहे. तिथून पुढे वाट वळते आणि तुम्ही अचानक दोन प्रचंड बुरुजांच्या बेचक्यात सापडता. एक पंचाहत्तर फूट उंच, दुसरा पासष्ट. दोन्हीकडून भिंत पुढे आलेली, दार मधे दडलेलं. हत्तीने धडक द्यायची तर धावायला जागाच नाही. तोफ डागायची तर गोळा बुरुजावर बसणार, दारावर नाही. तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं बघा, सगळ्यांचा रोख खाली, आपण उभे आहोत त्याच जागेवर. आता चाळीस जणांना, म्हणजे आपल्या पंचवीस जणांना, इथे दाटीवाटीने उभं करा आणि विचारा की वरून दगड आला तर जाल कुठे? एवढा एक मिनिटाचा खेळ केला की दुर्गबांधणीवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. आत गेल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, सावली आहे. चढातली खरी विश्रांती इथे घ्यायची, आधी नाही. दरवाजानंतरही चढ उरतोच, हे आधीच सांगून ठेवा. ‘आलं, आलं’ म्हणणारा म्होरक्या दोनदा खोटा ठरला की तिसऱ्यांदा कुणी त्याचं ऐकत नाही.

वर हत्ती तलाव, मग गंगासागर. गडावरचं बांधकाम करायला दगड काढला, त्या खाणीच्या जागीच गंगासागर झाला: दगडही मिळाला, पाण्याची सोयही झाली. रोपवेवाल्यांनी मेणा दरवाजाने आत आल्यावर तिथेच रेंगाळायचं नाही. राणीवशाच्या कडेने सरळ पालखी दरवाजा गाठायचा आणि त्याच्या एकतीस पायऱ्या उतरून गंगासागरावर यायचं. तलावाजवळच्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी सगळा गट एकत्र करा, डोकी मोजा आणि मग पुन्हा पालखी दरवाजाने आत शिरा. पायऱ्या दोनदा होतात म्हणून रोपवेवाले कुरकुरतात. ज्यांना खरंच जमत नाही त्यांना आत थांबू द्या, बाकीच्यांना उतरवाच.

राजसभेत दहाच्या आत पोचलात तर दोन फायदे. सिंहासनाची जागा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन समोरून येतं. आणि गर्दी अजून व्हायची असते. सभा सुमारे दोनशेवीस फूट लांब आणि एकशेचोवीस फूट रुंद, आणि नगारखान्याच्या दारातलं बोलणं सिंहासनापाशी ऐकू जातं. हा प्रयोग प्रत्येक गट करतो आणि बहुतेकांचा फसतो, कारण चाळीसही जण एकदम टाळ्या वाजवतात. चौघांना नगारखान्यात पाठवा, बाकीच्यांना सिंहासनापाशी उभं करा, पुरतं मिनिटभर शांत राहा. मग त्या चौघांपैकी एकाने कागद फाडायचा. बस्स, तेवढंच. वारा जोराचा असेल तर नाद सोडा. नगारखान्याखालून बाहेर पडताना ऑक्झिंडेनची आठवण काढा. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील म्हणून तो हजर होता. दारात उभे हत्ती पाहून हे जनावर या वाटेने वर आणलं तरी कसं, असं त्याला वाटलं होतं. चालत आलेल्यांना त्याचं आश्चर्य लगेच कळतं. रोपवेवाल्यांना समजावून सांगावं लागतं.

वर छप्पर म्हणून काही नाही, हे नवख्यांच्या लक्षात आणून द्यावं लागतं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडाला आग लागली, लाकूडकाम जळून गेलं. म्हणून आज आपण जोती बघतो, वाडे नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की अकरा ते तीन या वेळात सावली मोजक्याच जागी मिळते. टोपी किंवा उपरणं हवंच. छत्री वाऱ्यात उलटते. सहलीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, पायऱ्यांवर शेवाळ असतं, दरडीचे दगड येतात आणि अतिवृष्टीत प्रशासन पायवाट बंद करतं. ६ जून, तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आणि चैत्र पौर्णिमेची पुण्यतिथी, या दिवशी गडावर जायचं ते सोहळ्याला. त्या दिवशी गड बघून होत नाही.

बाजारपेठेत फार वेळ घालवू नका. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत बावीस दुकानं, मधे चाळीस फुटी रस्ता. दुकानांची जोती उंच, कारण घोड्यावर बसून खरेदी व्हायची, ही गोष्ट गाईड हमखास सांगतो. ऐकायला छान आहे. पण कोकणातला पाऊस पाहिलेल्या माणसाला जोतं एवढं उंच का, याचं दुसरं कारणही सुचतं.

वेळ राखून ठेवायचा तो जगदीश्वराच्या मंदिरासाठी. प्रवेशदाराजवळच्या भिंतीत संस्कृत शिलालेख आहे. लोक त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. त्यातले चारच शब्द गटाला वाचायला लावा: ‘षण्णवबाणभूमि’. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ. बाण पाच, मदनाचे पाच बाण असतात म्हणून. भूमी एक. झाले ६, ९, ५, १. आणि अशा लेखांत अंक उजवीकडून डावीकडे घ्यायचे असतात: १५९६. शके १५९६, म्हणजे राज्याभिषेकाचं वर्ष, इसवी सन १६७४. पुढेच ‘आनंदसंवत्सरे’ आहे, म्हणजे संवत्सराचं नावही जुळतं. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच सोडवू द्या, पाच मिनिटांत सोडवतात आणि घरी जाऊन हेच सांगतात. याच लेखात गड उभारणाऱ्या हिरोजीचं नाव आहे, आणि मंदिराच्या एका पायरीवर त्याची ती प्रसिद्ध ओळ: ‘सेवेचे ठायी तत्पर’. पायरीवर का, हे कुणी विचारलं तर उत्तर द्यायची घाई करू नका. ओळीवर पाय न ठेवता पायरी ओलांडायची कशी, यात प्रत्येकजण आपापलं उत्तर शोधतो.

मंदिरासमोरच महाराजांची समाधी. चप्पल-बूट काढायचे असतात आणि दुपारी दगड तापतो. पायमोजे राहू द्या. इथे घोषणा नकोत, वाढदिवसाचा केक तर नकोच. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. चूल, स्पीकर, दगडावर नावं कोरणं यातलं काहीही चालत नाही.

जेवण गडावरच्या स्थानिक बायकांकडे: पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. चाळीस जणांचं आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर साडेबाराला ताटं वाढलेली असतात. आयत्या वेळी सांगितलंत तर भाकऱ्या थापायलाच तास-दीड तास जातो आणि तिथे दुपारचं सगळं गणित कोलमडतं. माणशी दोन भाकऱ्या सांगा. चढून आलेला तरुण तीन खातो, त्याचं ज्येष्ठांच्या उरलेल्या अर्ध्यातून भागतं.

टकमक टोक जेवणानंतर, आणि ज्यांना हवं त्यांनीच. कड्याची वाट निमुळती होत जाते, वारा ढकलतो. एका वेळी दहाजण, कठड्याच्या आत, आणि सेल्फी काढणाऱ्याच्या मागे दुसऱ्याने उभं राहायचं. कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर, धूर, दगड मारणं, सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोकं कपड्याने झाकून कड्यापासून दूर, आल्या वाटेने निघायचं. भवानी टोक आणि वाघ दरवाजा एका दिवसाच्या गट-सहलीत बसत नाहीत, आधीच वगळा.

उतरण्याची वेळ सूर्यास्तापासून मागे मोजा. डिसेंबरात सहाला अंधारायला लागतं. मिसळ वयाच्या गटाला उतरायला दीड तास धरा. म्हणजे गंगासागर चार वाजता सोडायचा, सव्वाचार नाही. उतार सोपा वाटतो, गुडघे जातात ते उतरतानाच. काठी चढताना नसली तरी चालेल, उतरताना असावी. आणि रोपवे वारा-पावसात थांबतो, सुट्टीच्या दिवशी रांगही लांबते. त्यामुळे रोपवेवाल्यांनी साडेतीनलाच स्थानकावर जायचं. ‘शेवटच्या फेरीने येतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

खाली आल्यावर बस पाचाडला थांबवा. जिजाऊंसाठी महाराजांनी इथे वाडा बांधला, कारण गडावरची हवा त्यांना मानवेना. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ ला त्या गेल्या. त्यांची समाधी इथेच आहे. वाड्याच्या आवारात तक्क्याची विहीर आहे, टेकून बसता यावं म्हणून काठाला दगडाचाच तक्क्या घडवलेला. तिथून गड पुरा दिसतो. दोन्ही तुकड्या इथे भेटल्या की शेवटची डोकी मोजायची. चाळीस भरले की बस सोडायची.