कोलोनचे पाथरवट

(दृश्य: रेल्वे स्टेशनचा दरवाजा, वर पाहणारी माणसं)

जर्मनीतल्या कोलोनच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोर हेच, इथलं भव्य चर्च, कोलोन कॅथेड्रल. 157 मीटर उंचीचे दोन काळे मनोरे. सगळ्यांच्या माना वर. आपण मात्र खाली, दगडाकडे बघू.

(दृश्य: भिंत, अगदी जवळून)

या दगडात पांढरे, चपटे स्फटिक दिसतात? हा ड्राखेनफेल्स डोंगराचा दगड. ऱ्हाइन नदीच्या प्रवाहाबरोबर होड्यांतून इथवर आला. 1164 साली मिलानहून 'तीन राजां'च्या, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या, अस्थी आल्या आणि यात्रेकरूंची रीघ लागली. त्यांच्यासाठी 1248 साली नव्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला. पहिला मिस्त्री गेरहार्ड. पूर्वेकडचा गाभारा 1322 साली पुरा झाला. पुढे पैसा आटला, उत्साहही. सोळाव्या शतकात काम पार थांबलं.

(दृश्य: जुनं चित्र, अर्धवट मनोरा)

आणि ही यारी! लाकडाची. आतल्या चाकात माणसं चालायची आणि दगड वर चढायचा. अर्ध्या मनोऱ्यावर ती चारेक शतकं तशीच उभी होती. कोलोनची चित्रं काढणारे मनोऱ्याआधी यारी काढत.

(दृश्य: चर्मपत्रावरचा नकाशा)

दर्शनी बाजूचा हा मध्ययुगीन नकाशा. चार मीटरहून उंच. मधल्या काळात हरवला होता. एक अर्धा 1814 साली डार्मश्टाटला सापडला, दुसरा दोन वर्षांनी पॅरिसला. 1842 साली पुन्हा छिन्नी लागली ती या रेघांबरहुकूम. 1880 साली कळस चढला. दुसऱ्या महायुद्धात 14 बॉम्ब पडले, मनोरे टिकले.

(दृश्य: कार्यशाळा. निवेदन थांबवून छिन्नीचा आवाज तसाच ठेवावा.)

कॅथेड्रलची ही स्वतःची कार्यशाळा, डोमबाउह्यूट. एकोणिसाव्या शतकात बसवलेला श्लाइटडॉर्फचा वालुकाश्म धुरानं आणि पावसानं सर्वात जास्त खाल्ला गेलाय. झिजलेलं पान, फूल, कोपरा इथे नव्यानं घडतो. शेवटचा हात छिन्नीचाच. या पाथरवटांची नावं मात्र मार्गदर्शकाच्या तोंडी येत नाहीत, ते 24 टनांच्या घंटेचं वजन सांगतात.

(दृश्य: दक्षिण मनोऱ्याचा गोल जिना)

533 पायऱ्या. कॅमेरा खांद्यावर घेऊन चढलो, तेव्हा गेरहार्डच्या गड्यांना मनोमन हात जोडले.

(दृश्य: वरून शहर, मग परांची)

कॅथेड्रल पुरं झालं की जग बुडेल, असं कोलोनकर म्हणतात. तूर्त काळजी नाही. एका कोपऱ्यावरची परांची उतरते, तोवर दुसरीकडे चढलेली असते.