आर-स्क्वेअर बघितला, आता शिल्लक बघा

नमस्कार मंडळी. इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी ऊस आहे, चिकोडी, रायबाग, अथणीकडची पोरं तर आहेतच, म्हणून उदाहरण उसाचंच घेतो. आकडे मी सोयीसाठी धरलेत, हिशेब मात्र खरा आहे, वहीत करून बघा.

समजा पाच प्लॉट. एकरी युरियाची 1, 2, 3, 4, 5 पोती टाकली आणि ऊस निघाला 30, 42, 48, 50, 50 टन. कॉम्प्युटरनं सरळ रेषा काढून दिली, दर पोत्यामागं 4.8 टन वाढ, आर-स्क्वेअर, म्हणजे रेषा किती बसली याचा 0 ते 1 मधला आकडा, 0.8. आमची प्रोजेक्टवाली पोरं इथंच थांबतात, सर 80 टक्के आलं की, म्हणून रिपोर्ट बाइंडिंगला जातो.

तर हा 0.8 आला कुठनं? कुठलंच मॉडेल, म्हणजे अंदाज सांगणारं सूत्र, नसतं तर आपण प्रत्येकाला सरासरी सांगितली असती, 44 टन. त्यात प्रत्येक प्लॉटला जेवढं चुकलो त्याचे वर्ग करून बेरीज घ्या, 288 येते. रेषा वापरली की तीच बेरीज 57.6 वर येते, म्हणजे पाचातला एक हिस्सा चूक शिल्लक राहिली, चार गेले, झालं 0.8. सरासरीपेक्षा रेषा किती बरी एवढंच त्यातनं कळतं, रेषा हाच आकार बरोबर आहे का हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं ओ.

ते विचारायचं शिल्लकीला, रेसिड्युअलला. खरा ऊस वजा रेषेनं सांगितलेला ऊस. पहिल्या प्लॉटपासनं लिहा, उणे 4.4, मग अधिक 2.8, अधिक 4, अधिक 1.2, आणि शेवटी उणे 3.6. चिन्हं बघा की नुसती! दोन्ही टोकांना उणे, मधे सगळं अधिक. मॉडेल नीट बसलं असतं तर ही चिन्हं कशीही विखुरलेली दिसली असती. इथं कमान दिसायलीय, आणि ती कमान तुमच्या आजोबांना ग्राफ न काढता माहीत आहे, युरिया जास्त झाला की ऊस नुसता माजतो आणि लोळतो.

मग पोत्यांचा वर्ग पण मॉडेलमधे घाला, म्हणजे सरळ रेषेऐवजी वाकणारा वक्र मिळतो. चूक 57.6 वरनं 1.6 वर येते, आर-स्क्वेअर 0.99 च्या वर. पण मला खरी भीती वाटते ती पुढच्या प्रश्नाची, सहावं पोतं टाकू का? रेषा म्हणते 58.4 टन होतील, वक्र म्हणतो 44.4. चौदा टनांचा फरक, एका एकरात! 80 टक्क्यांवर विसंबून सल्ला दिला असता तर पैसे कुणाचे गेले असते?

म्हणून 0.99 बघून पण हुरळून जाऊ नका. पाचच ठिपके आहेत. मॉडेलमधे काहीही घाला, शेतकऱ्याच्या नावातली अक्षरं मोजून घातली तरी आर-स्क्वेअर खाली येत नाही, वरच जातो किंवा तिथंच राहतो, आणि पाच ठिपक्यांना असे वेगवेगळे चार कॉलम जोडलेत की थेट 1 होतो, शेतीतलं काही कळलेलं नसताना. अॅडजस्टेड आर-स्क्वेअर जादा कॉलमचा दंड लावतो, त्यानं थोडी मदत होते, पण खरी परीक्षा मॉडेलनं न बघितलेल्या शेतावर. खानापूरच्या पावसातल्या शेतांवर मॉडेल बनवून अथणीच्या कोरड्या रानात चालवलं तर आधीचा आर-स्क्वेअर तिथं काही कामाचा नाही.

फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञांनी 1973 साली चार छोटे डेटासेट छापले, प्रत्येकात 11 ठिपके. चौघांची रेषा जवळपास तीच, आर-स्क्वेअर पण तोच, 0.67. ग्राफ काढला की एक साधा विखुरलेला, एक स्वच्छ वक्र, एकात रेषेत बसलेल्या ठिपक्यांमधला एकच भरकटलेला, आणि चौथ्यात दहा ठिपके एकावर एक उभे, लांबच्या एकट्या ठिपक्यानं अख्खी रेषा ओढलेली. तो एक काढला तर रेषाच काढता येत नाही. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे जुने सगळे ग्राफ परत काढून बघितले होते.

आता तुमच्यातला प्रश्न आलाय, आर-स्क्वेअर किती असला म्हणजे चांगला. असा एक आकडा नाही. लॅबमधल्या स्प्रिंगला 0.95 पण कमी वाटेल, बाजारातल्या दराला 0.3 पण पुष्कळ असू शकतो. त्यापेक्षा चूक टनात सांगा, आपल्या त्या रेषेची साधारण 4.4 टन येते (57.6 ला 3 नं भागा, वर्गमूळ घ्या; पाच ठिपक्यांतनं रेषेचे दोन आकडे वजा म्हणून 3), आणि घरी विचारा, एकरी एवढं इकडंतिकडं झालं तर चालतंय का.