पंजा हातात येण्यापूर्वी

नखे कापायला घेतलेल्या कुत्रीच्या चेहऱ्याकडे नीट पाहावे. मालकिणीने तिचा पंजा हातात घेतला आहे आणि नेलकटर अजून जमिनीवरच आहे. तरीही कुत्रीने नाकावरून झटकन जीभ फिरवली, मान दुसरीकडे वळवली आणि डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसू लागला. ती गुरगुरली नाही, म्हणून घरातल्यांना ती शांत वाटते. प्रत्यक्षात हे आपल्याला नको आहे, असे तिने तीनदा सांगून झाले आहे.

पाळीव प्राण्याला शिकवणे म्हटले की बहुतेकांना ‘बस’ आणि ‘शेक हँड’ एवढेच आठवते. पाहुण्यांपुढे पंजा पुढे करणारे कुत्रे कौतुकास्पद खरेच. पण तोच पंजा नखे कापण्यासाठी धरला की ते चावायला येत असेल, तर महत्त्वाचा धडा राहूनच गेला आहे. अंगाला हात लावू देणे, तोंड उघडू देणे आणि कान तपासू देणे या गोष्टी शिकवाव्याच लागतात, आणि त्यांचे शिक्षण रोजच्या देखभालीतच होत असते, मग ते आपण जाणीवपूर्वक देत असू वा नसू.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. फिकट नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात बाहेरून दिसत नाही. म्हणून काळे नख अगदी पातळ कापत जावे आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसताच थांबावे. नखे वाढू दिली की हा जिवंत भागही लांबतो, आणि थोडे थोडे वरचेवर कापत राहिल्यास तो हळूहळू मागे सरतो. त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी चौघांनी धरून सगळी नखे एकदम कापण्यात दुहेरी तोटा आहे: रक्त येण्याची शक्यता वाढते, आणि पुढच्या वेळी नेलकटर दिसताच कुत्री पलंगाखाली जाते.

ही भीती घालवताना क्रमाला फार महत्त्व आहे. पचनक्रियेवरील संशोधनासाठी 1904 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या तोंडाला खाण्याआधी मिळणाऱ्या खुणेनेच लाळ सुटू लागली होती. येथेही आधी स्पर्श आणि मग खाऊ, हाच क्रम पाळावा लागतो. खाऊ दाखवून जवळ बोलावले आणि मग पंजा पकडला, तर खाऊच धोक्याची सूचना ठरतो. सुरुवातीला फक्त खांद्याला हात लावून लगेच खाऊ द्यावा. ते सहज जमू लागले की हात पायावरून पंजापर्यंत न्यावा, पुढे नेलकटरचा नुसता स्पर्श करावा, आणि पहिल्या दिवशी एकच नख कापून थांबावे. तिने पाय ओढून घेतला, तर एक पायरी मागे यावे. गुरगुरण्याबद्दल मात्र कधीही मारू नये, कारण मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे सोडते, भीती सोडत नाही, आणि मग ते पूर्वसूचना न देता चावते.

हे सारे लहानपणी सोपे जाते. कुत्र्याच्या पिल्लाचा नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचा काळ साधारणपणे तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. मांजराच्या पिल्लाचा त्याहूनही आधी, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातच येतो. तेव्हा लसीकरण पूर्ण झालेले नसते, म्हणून पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवावे.

घरात शी-शू करण्याच्या तक्रारीचे उत्तर त्यामानाने सरळ आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला लगेच बाहेर न्यावे, आणि काम उरकताच तिथेच शाबासकी द्यावी. उशिरा सापडलेल्या डागापाशी नेऊन रागावल्याने पिल्लाला फक्त माणसापासून लपून बसणे समजते. दात घासतानाही हळूहळू सवय लावण्याचीच पद्धत वापरावी. मात्र माणसांची टूथपेस्ट वापरू नये, कारण प्राणी ती गिळतात आणि काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो, जो कुत्र्यांना विषारी आहे. शाबासकीच्या खाऊत चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा किंवा लसूण नसावा.

मांजराच्या बाबतीत कॅरिअर, म्हणजे ने-आण करण्याचा बंद पिंजरा, घरात कायम उघडा ठेवावा आणि अधूनमधून त्यातच जेवण द्यावे, म्हणजे त्याचे दर्शन केवळ दवाखान्याच्या दिवशी होत नाही. या सावकाश पद्धतीला एक ठळक अपवाद आहे. बोका वारंवार लिटर ट्रेमध्ये (शी-शूसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये) जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि उपचाराविना ही स्थिती एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊन वाट पाहणे मांजरासाठी प्राणघातक ठरते. अशा वेळी कॅरिअरची सवय झालेली नसली, तरी बोक्याला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावे. ओरबाडे उठले तरी चालतील, आणि कॅरिअरचे शिक्षण तो बरा झाल्यावर पुन्हा सुरू करता येते.