पगार अधिक जोडकाम: कर लागतो तो बेरजेवर

श्रोतेहो, नमस्कार. नोकरी सांभाळून रात्री किंवा रविवारी जोडकाम करणारी माणसं आता घरोघरी आहेत. कुणी नकाशे काढतं, कुणी ऑनलाइन शिकवण्या घेतं, कुणी भाषांतरं करतं. या वरकमाईवर कर किती आणि तो भरायचा कधी, एवढंच आज बोलायचं आहे.

माझ्या भाच्याचीच गोष्ट सांगतो. तो नाशिकला असतो, सिव्हिल इंजिनिअर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्याचा पगार होता १२ लाख ७५ हजार. नव्या कररचनेत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. ती वजा केली की उरतात बरोबर १२ लाख आणि तिथपर्यंत करमाफी आहे. म्हणून ऑफिसने पगारातून एक रुपयाही कर कापला नाही. जोडीला तो एका बांधकाम कंपनीची आरसीसी ड्रॉइंग्ज करून द्यायचा. महिन्याला ३० हजार. कंपनी १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच सरकारसाठी कापून घेतलेला कर, कापायची आणि २७ हजार त्याच्या खात्यात टाकायची.

जुलैमध्ये मी ताईकडे गेलो होतो. जेवणं झाली, ताट-वाट्या उचलल्या आणि त्याच टेबलावर त्याने रिटर्न भरायला लॅपटॉप उघडला. म्हणाला, "मामा, पगारावर कर शून्य आणि बाहेरच्या कामाचे १० टक्के आधीच कापलेत. मला तर रिफंड मिळायला हवा." भाऊजींनीही दुजोरा दिला, "बारा लाखांपर्यंत माफ आहे, पेपरात आलंय."

मी म्हटलं, "आधी एआयएस उघड." एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण. आपल्या पॅनवर कुणाकडून किती पैसे आले, याची नोंद त्यात असते. उघडलं, तर पगाराखाली त्या कंपनीच्या नावापुढे एकेक रक्कम ओळीने मांडलेली. जमा ३,६०,०००, टीडीएस ३६,०००.

आता इंजिनिअरला कायद्यात एक सोय आहे. सगळे हिशेब न ठेवता जमेची किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. त्याचा नफा धरला १,८०,०००. बारा लाखांत तो मिळवला, झाले १३,८०,०००. श्रोतेहो, गोम इथेच आहे. पगाराचा कर वेगळा आणि जोडकामाचा वेगळा, असं नसतं. कर लागतो तो बेरजेवर. बेरीज बारा लाखांच्या अगदी थोडी वर गेली तर काही दिलासा आहे; पण १,८०,००० वर गेली की माफी सगळीच जाते.

कागद घेऊन मांडलं. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्के, ४०,०००. वरच्या १,८०,००० वर १५ टक्के, २७,०००. झाले ८७,०००. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ९०,४८०. टीडीएसचे ३६,००० वजा जाता भरायचे राहिले ५४,४८०. वर, आगाऊ कर भरला नव्हता म्हणून, व्याजाचे सुमारे पावणेतीन हजार. ताई दारातूनच म्हणाली, "म्हणजे दोन महिने रात्री जागला ते यातच गेलं की रे!" नव्या मॉनिटरसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, त्यातून त्याने त्याच रात्री भरणा केला.

कराचं मला काही वाटलं नाही, तो देणं भागच आहे. चीड आली ती त्या कंपनीची. रविवारी फोन करून काम करून घ्यायचं आणि बिल तीन-तीन महिने लटकवायचं. तरुण मुलं भिडेपोटी मागत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, मागावं. लेखी मागावं.

असो. टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला असं नाही, हे पुन्हा सांगतो. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर आगाऊ कर, म्हणजे वर्ष संपायच्या आतच, भरावा लागतो. निम्म्या नफ्याची सोय घेणाऱ्यांनी तो १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो. ही सोय डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए अशा ठरावीक पेशांना आहे. शिकवण्या आणि भाषांतरं करणाऱ्यांनी ती गृहीत धरू नये. इंटरनेटची, सॉफ्टवेअरची बिलं जपून ठेवावीत आणि खरा खर्च वजा करावा. त्यांचे हप्ते चार: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. हप्ता चुकला की व्याज महिन्याला १ टक्का.

हप्त्यांची कटकट नको असेल तर ऑफिसलाच हे उत्पन्न लेखी कळवता येतं. मग ते पगारातून जादा कर कापतात. सरकारी नोकरांनी मात्र जोडकामाआधी परवानगीचं पाहावं.

पगारदारांचा नेहमीचा रिटर्नचा फॉर्म, आयटीआर-१, इथे चालत नाही. निम्म्या नफ्याची सोय घेतली तर साधारणपणे आयटीआर-४, नाहीतर आयटीआर-३. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा जुनी कलमं पाठ असली तरी सल्लागाराला कलम सांगू नका. फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा ऑफिसने दिलेला दाखला), एआयएस आणि वर्षभराची बिलं त्याच्यापुढे ठेवा. नमस्कार.