१६०० मीटर

(पहाट. डांबरी रस्ता. टॉर्चच्या उजेडात चुन्याची रेघ.)

ही रेघ आमच्या गावाबाहेरची. कारंजा-दारव्हा पट्ट्यात अशा रेघा बऱ्याच गावांना आहेत. इथून ८०० मीटर जायचं, पुलापाशी दुसरी रेघ, तिथून परत. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० या १६०० मीटरचे. म्हणून थंडीतही पोरं पाचला उठतात.

आमच्या सिनेमातला पोरगाही धावतो. सगळे त्याला नुसतं ‘भाऊ’ म्हणतात. सुरुवातीला वाटतं, तयारी करतोय. मग ऑनलाइन सेंटरवरचा सीन येतो. तो एका लहान पोराचा फॉर्म भरून देतोय, कारण कुठल्या पानावर काय विचारतात हे त्याला तोंडपाठ आहे. जन्मतारखेच्या रकान्याशी त्याचं बोट थांबतं. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा २८. त्याला एकोणतिसावं लागून चार महिने झालेत.

(शकुंतला रेल्वेचे रूळ. गवतात अर्धे बुडालेले.)

मूर्तिजापूर-यवतमाळ, अडीच फूट रुंदीचे रूळ. एकेकाळी इथून कापूस जायचा. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, आता गाडीच नाही. या रुळांवर बसून मित्र त्याला विचारतो, “आता कायले पयतं बे?” तो म्हणतो, “झोप नाही लागत, बापू. पाचले डोये उघडतेच.” हे वाक्य आम्ही लिहिलं नव्हतं. भाऊचं काम करणारा पोरगा स्वतः सात वर्षं भरती देत होता. ते त्याचं आहे.

लग्नाचा भाग दोनदा लिहिला, दोनदा काढला. पाहुणे, पोहे, ‘पोरगं काय करते?’ ते आपण सगळ्यांनी ऐकलंय.

त्यापेक्षा ही वही बघा.

(वही. जवळून.)

तीही त्या काम करणाऱ्या पोराचीच. पुढून ‘चालू घडामोडी’, निळ्या शाईत, प्रत्येक तारखेखाली पट्टीने मारलेली रेघ. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं पराटी, म्हणजे कपाशी, खाल्ली, घरून पैसे येणं थांबलं, तो पुण्याची खोली सोडून आला. तेव्हापासून वही मागून सुरू होते: वेचणीचा हिशोब. कोणत्या बाईनं किती किलो वेचला, किती द्यायचे, किती दिले. अधेमधे कापसाचे तंतू चिकटलेत. दोन्ही बाजूंनी भरत भरत आता मध्ये तीन कोरी पानं उरली आहेत. लोक म्हणतात पोरगं रिकामं फिरते. माझं म्हणणं एवढंच आहे, ही वही एकदा चाळा आणि मग म्हणा. हा सिनेमा मी त्यासाठीच केला.

शेवटच्या दिवशी गावातली बारकी पोरं धावणार होती आणि भाऊ मोबाईलवर वेळ धरणार होता, एवढंच ठरलं होतं. कॅमेरा बंद झाला. पोरांनी आग्रह धरला, भाऊ, तू पय. त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला, चप्पल काढली आणि अनवाणी रेघेवर उभा राहिला.

१६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. तो ५ मिनिटं ६ सेकंदांत आला.

बराच वेळ गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता. मग वही मागितली. त्या दिवशीच्या वेचणीखाली त्यानं ती वेळ लिहिली, आणि खाली पट्टी नव्हती म्हणून हातानंच रेघ मारली.