काळी-पिवळीचा पत्रा आणि प्रायमर

हे बघा, दरवाज्याचा खालचा कोपरा. इथं एवढ्याशा जागेवर ऐंशी नंबरचा घासायचा पेपर मारला तर गाडीची अख्खी कुंडली निघाली. वर पांढरा, त्याखाली मिल्ट्री हिरवा, मग पिवळा आणि सगळ्यात खाली कंपनीचा रंग, आणि मध्येमध्ये लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, काही ठिकाणी तर दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा जाड.

पिवळा म्हणजे काळी-पिवळीचा. महिंद्रा कमांडर आहे ही, नव्वदीतली. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, त्याच घराण्यातली. गेवराई-बीड रोडला पॅसेंजर भरून धावली, पुढं मामांनी शेतासाठी घेतली आणि आता माझ्याकडं आलीय, बालाघाटाच्या डोंगरात कच्च्या वाटांनी फिरवायला.

दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी रंग करून घेतला होता. दिसायला एकदम चकाचक. एक पावसाळा गेला आणि फ्लोअरच्या कडेनं फोड यायला लागले, नखानं दाबला की पटकन फुटायचा आणि आतून तपकिरी पाणी. गंज तसाच ठेवून त्यावर रेड ऑक्साइड, म्हणजे तांबडा प्रायमर फिरवला होता. साधा सिंगल पॅक, म्हणजे हार्डनर न मिसळता लावायचा रेड ऑक्साइड ओल अडवत नाही, ओल हळूहळू आत उतरते, पत्र्याला भिडते, आणि आपण वरून पॉलिश मारत बसतो.

आता लोकं म्हणतात मराठवाड्यात कुठं एवढा पाऊस पडतो, इथं गंज कसा काय लागेल. मला हे ऐकलं की राहवत नाही. अरे, आपली काळी माती आहे ना! एकदा का मडगार्डच्या आत आणि चेसिसच्या खोबणीत बसली की वरून वाळलेली दिसते पण आत आठ-आठ दिवस ओल धरून ठेवते. ह्या गाडीखालून स्क्रू ड्रायव्हरनं उकरून दोन घमेली माती काढली आम्ही. आणि दुसरं म्हणजे खत. मामा मागं पोटॅशच्या गोण्या टाकायचे. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच हो, पोटॅशियम क्लोराइड, गोणी उसवली की दाणे फ्लोअरच्या सांध्यात जाऊन बसणार आणि हवेतली ओल ओढत राहणार. जिथं गोण्या ठेवायचो बरोब्बर तिथंच पत्र्याची चाळण झालीय. तेवढा पत्रा कापून नवीन वेल्डिंग केला.

म्हणून आमच्या पेंटर चाचांनी पहिल्या दिवशी ग्राइंडर हातात घेतलाच नाही. आधी धुलाई. खार पत्र्याच्या खड्ड्यात राहिला तर वरून कितीबी घासा, प्रायमरखालून गंज परत डोकं काढतो. त्यात बोअरचं पाणी आपल्याकडं इतकं जड की वाळलं की पांढरे डाग सोडतं. मग शेवटचा हात जारच्या पाण्यानं. तीन जार लागले, आणि ते पैसे मला अजिबात जास्त वाटले नाहीत.

मग रंग काढायचा. सपाट जागी पेंट रिमूव्हर, कडेला ग्राइंडरला लावायची पेपरची फ्लॅप डिस्क. नुसता वायर ब्रश मारून थांबू नका, पत्रा चकाकतो म्हणून साफ वाटतो पण तो गुळगुळीत होतो, गंज खड्ड्यात दाबला जातो आणि प्रायमरला धरायला काही राहत नाही. ऐंशीच्या पेपरचे ओरखडे पाहिजेत, मग एकशेवीस. चेसिस आणि रिम वाळूजला ब्लास्टिंगला पाठवले, म्हणजे हवेच्या दाबानं खडे मारून गंज उडवायला. बॉडी मुद्दाम नाही पाठवली, पातळ पत्रा ब्लास्टिंगच्या माऱ्यानं वाकडा होतो. आणि कोणी साध्या वाळूनं ब्लास्टिंग करत असेल तर तिथं उभंबी राहू नका, ती धूळ छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

खड्ड्यातले काळे ठिपके राहिले त्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट रिमूव्हर. ते वाळू द्यायचं नाही, ओलं असतानाच ब्रशनं घासायचं, धुवायचं, ब्लोअरनं लगेच सुकवायचं आणि परत पेपर. अ‍ॅसिड राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

आता हा बोनेट बघा, जवळून. पाच बोटं दिसतायत ना? माझीच आहेत. संध्याकाळी पत्रा साफ झाला, खुशीत हात फिरवला, आणि सकाळी घामाच्या जागी बोटांचे तांबूस ठसे. चाचा लांबूनच ओरडले, "हात नक्को लगाव, भाऊ!" पण उशीर झाला होता. तेवढा भाग परत घासला.

मे महिना. दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही, तापल्या पत्र्यावर थिनर हवेतच उडून जातं आणि प्रायमर पिठासारखा बसतो. म्हणून शेवटचा एकशेवीसचा हात पहाटे, मग दोन फडके, एक थिनरनं ओलं करून पुसायचं आणि लगेच मागून कोरडं, नाहीतर तेल नुसतं इकडचं तिकडं पसरतं. आठच्या आत इपॉक्सी सुरू. टू पॅक असतो, म्हणजे घट्ट करणारा हार्डनर वेगळा येतो, तो डब्यावर लिहिलंय त्याच मापानं मिसळायचा, अंदाजानं नाही. उन्हाळ्यात मिक्स केलेला माल लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडाच बनवायचा. आणि कार्ट्रिजवाला मास्क पाहिजेच, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

पहिला हात पातळ, थोडं थांबून दुसरा. आधी सांधे, वेल्डिंग, दरवाज्याच्या आतल्या कडा, म्हणजे जिथं कोणी बघत नाही तिथून सुरुवात. दोन तासांत चार रंगांची गाडी सगळी एकसारखी राखाडी झाली, आणि खरं सांगतो, मला ती तेव्हाच सगळ्यात देखणी वाटली. लांबी आता ह्या इपॉक्सीच्या वर भरायची, उघड्या पत्र्यावर नाही, कारण लांबी स्पंजासारखी पाणी पिते.

एक गोष्ट राहिली. दरवाज्याच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात, मागच्या वेळी ती सगळी लांबीनं बुजवली होती. आम्ही उघडली, आतून प्रायमर मारला. चार दिवसांनी चाचांनी काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओतलं आणि सगळे खाली वाकून बघत बसलो. आधी थेंब, मग धार, आणि खालच्या धुळीत ओला ठिपका पसरत गेला.